एकाच डब्यातील दोदोल आणि कुलकुल

डिसेंबर उजाडला की गोव्यातील ख्रिस्ती घरांत कोणालाच उसंत मिळत नाही. ३ तारखेला जुन्या गोव्याचे फेस्त होते, ८ तारखेला पणजीच्या चर्चचे फेस्त होते आणि मग नाताळ अगदी दाराशी येऊन उभा राहतो. घराला रंग द्यायचा असतो, येशूजन्माचा गोठा उभारायचा असतो, कामट्या व रंगीत कागद यांचा तारा करून तो उंच टांगायचा असतो, शिंप्याकडे टाकलेले कपडे वेळेवर आणायचे असतात. आणि या सगळ्याच्या जोडीला स्वयंपाकघरात फराळाची धांदल चालू असते. लहान मुले असलेल्या घरात तर ही धांदल दुप्पट होते. कारण प्रत्येक कामात मुलांना हात घालायचा असतो आणि त्यांचा हात लागला की काम बहुधा वाढते!

या फराळाला गोव्यात 'कोन्सुआद' म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण असा आहे; गोव्यात मात्र तो शब्द शेजारीपाजारी वाटावयाच्या गोडाच्या ताटाला चिकटला. त्या ताटात काय काय असते? तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ आटवून केलेले, हलव्यासारखे चकचकीत दोदोल. नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या. पेरूचा गर व साखर आटवून केलेली पेराद नावाची वडी. हरभऱ्याची डाळ, खोबरे व साखर यांचे दोस. थरांची बेबिंका. आणि कुलकुल. कुलकुल म्हणजे मैद्याच्या गोड पिठाची गोळी काट्याच्या किंवा नव्या फणीच्या पाठीवर दाबून, गुंडाळून तळलेली छोटी, रेघारेघांची वळकटी. कोकणीत त्यांना 'किडयो' असेही म्हणतात, आणि त्या ताटात पाहिल्या की हे नाव का पडले हे सांगावे लागत नाही.

मी काही वर्षे बार्देस तालुक्यात एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. माझ्या शेजारच्या घरात आजी, रुग्णालयात परिचारिका असलेली सून आणि तीन मुले राहत. थोरली नववीत, मधला पाचवीत आणि धाकटा बालवर्गात. मुलांचे वडील बोटीवर नोकरीला होते, ते २३ तारखेला घरी पोचणार होते. सुनेच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. तेव्हा फराळाचा सारा कारभार आजी व मुले मिळून पाहत. २१ डिसेंबरच्या संध्याकाळी मधला मुलगा एक पत्र्याचा डबा पोटाशी धरून माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

झाले होते ते असे. १४ तारखेला दोदोल झाले. १७ तारखेला तिघा मुलांनी बसून कुलकुल वळले, आजीने तळले. ते छान खुसखुशीत झाले होते. डबे भरण्याचे काम मधल्याकडे होते. डबे अपुरे पडले म्हणून त्याने एका मोठ्या डब्यात तळाशी कुलकुल पसरले, त्यावर कागद घातला आणि कागदावर दोदोलाच्या वड्या मांडल्या. झाकण घट्ट लावले. चार दिवसांनी डबा उघडला तर कुलकुल चामड्यासारखे चिवट! आणि दोदोलाच्या कडा मात्र सुकून कडक. शेजारच्या बारा घरी ताटे जायची होती आणि पुन्हा कुलकुल वळायला कोणाला वेळ नव्हता.

"आजी रागावली नाही," तो म्हणाला, "पण तिने कपाळाला हात लावला. सर, डबा घट्ट बंद होता. बाहेरून पाणी गेले नाही. दोदोलही हाताला ओले लागत नव्हते. मग कुलकुल कशाने भिजले?"

प्रश्न उत्तम होता. त्याच्या पाठोपाठ आलेल्या थोरल्या बहिणीने लगेच उत्तर दिले, "दोदोलात पाणी जास्त आहे, कुलकुलात कमी. जिथे जास्त आहे तिथून ते जिथे कमी आहे तिथे गेले."

आपल्यापैकी बहुतेकांनी हेच उत्तर दिले असते. या बाबतीत निष्कर्ष बरोबर आला, पण कारण चुकले आहे. कसे ते पाहू. मधात शेकडा १७-१८ भाग पाणी असते. साठवणीच्या गव्हात शेकडा १४ भाग पाणी आहे असे समजू. आता एक वाटी मध आणि एक वाटी गहू एकाच मोठ्या बरणीत ठेवून बरणी बंद केली तर पाणी कोठून कोठे जाईल? थोरलीच्या नियमाप्रमाणे मधातून गव्हात जायला हवे. प्रत्यक्षात ते गव्हातून मधात जाते! ज्याच्याजवळ आधीच जास्त पाणी आहे तोच आणखी पाणी ओढून घेतो. तेव्हा पदार्थात पाणी किती आहे यावर ही गोष्ट अवलंबून नाही. त्यातले पाणी किती मोकळे आहे यावर ती अवलंबून आहे.

पाणी मोकळे आहे म्हणजे काय? भांड्यातील पाण्याच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत निसटून हवेत जात असतात. भांडे बंद असेल तर वर वाफ साठते व तिच्यातील काही रेणू पुन्हा पाण्यात परततात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की समतोल साधतो. त्या वेळच्या वाफेच्या दाबाला बाष्पदाब म्हणतात. २५ अंश सेल्सियसला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे २३.८ मिलिमीटर उंचीइतका असतो. आता त्याच पाण्यात साखर विरघळवा. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना आपल्याभोवती खेचून धरतात. शिवाय गर्दीत पाण्याच्या रेणूंचे प्रमाणही घटते. निसटणाऱ्या रेणूंची संख्या कमी होते आणि बाष्पदाब उतरतो. पदार्थावरील बाष्पदाबाला त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबाने भागले की जी संख्या येते तिला त्या पदार्थाची जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १. अगदी कोरड्या पदार्थाची शून्याजवळ.

शिजलेला भात, दूध, ताजे मासे यांची जलक्रियाशीलता ०.९८ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. पावाची सुमारे ०.९५, जॅमची ०.८० च्या जवळपास, मधाची ०.६० किंवा थोडी कमी, खुसखुशीत बिस्किटाची ०.३० किंवा त्याहून कमी. शेकडा १४ भाग पाणी असलेल्या गव्हाची ०.७० च्या आसपास भरते. म्हणून बरणीतील पाणी गव्हाकडून मधाकडे गेले. दोदोल जॅमच्या वर्गातला आणि कुलकुल बिस्किटाच्या वर्गातला. दोघांना एका डब्यात कोंडले की दोदोलातून निसटलेली वाफ डब्यातील हवेत येते आणि कोरडे कुलकुल ती टिपून घेतात. दोघांची जलक्रियाशीलता सारखी होईपर्यंत हा व्यवहार थांबत नाही. मधे घातलेला कागद वाफेला अडवू शकत नाही. आणि डब्याचे घट्ट झाकण? त्याने बाहेरची हवा आत येऊ दिली नाही हे खरे, पण चोर आतच होता!

दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांना येथे एक हिशेब करून पाहता येईल. १८८० च्या दशकात फ्रान्समधील राऊल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की विरल द्रावणात द्रावकाचा बाष्पदाब हा त्याच्या रेणूंच्या प्रमाणाशी बांधलेला असतो. १०० ग्रॅम पाण्यात खोलीच्या तापमानाला सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. साखरेचा रेणुभार ३४२, म्हणून साखर ०.५८ मोल. पाण्याचा रेणुभार १८, म्हणून पाणी ५.५६ मोल. एकूण ६.१४ मोलांपैकी पाणी ५.५६, म्हणजे ०.९० इतका भाग. पण प्रत्यक्ष मोजले तर साखरेच्या संपृक्त द्रावणाची जलक्रियाशीलता सुमारे ०.८५ येते. ही तफावत का? एक तर हे द्रावण विरल नाही, पाकच आहे. दुसरे म्हणजे साखरेचा प्रत्येक रेणू पाण्याचे काही रेणू आपल्याला चिकटवून घेतो. त्यामुळे मोकळे पाणी हिशेबापेक्षा कमी उरते. मिठाची गंमत आणखी वेगळी आहे. १०० ग्रॅम पाण्यात मीठ विरघळते ते केवळ ३६ ग्रॅम, पण मिठाच्या प्रत्येक कणाचे सोडियम व क्लोराइड असे दोन आयन होतात. म्हणून इतक्याच मिठाने जलक्रियाशीलता ०.७५ पर्यंत उतरते. पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की मिठाच्या भांड्यात पाणी सुटते आणि शेजारची साखर मात्र तग धरून असते, ते याचमुळे. साखरेला पाणी सुटायला आर्द्रता ८५ च्या आसपास जावी लागते.

आता हे सारे फराळाशी कोठे जुळते? येथे जीवाणू आणि बुरशी यांना आत घ्यावे लागेल. अन्न नासते ते मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांनाही जगायला पाणी लागते आणि ते मोकळेच लागते. जीवाणूच्या पेशीभोवतीचे पटल पाण्याला आत-बाहेर जाऊ देते. बाहेर दाट पाक असेल तर परासरणाने पेशीतलेच पाणी बाहेर खेचले जाते. पेशी आक्रसते, तिचे व्यवहार थंडावतात. ती लगेच मरते असे नाही, पण वाढू शकत नाही. जीवाणूंची वाढ जलक्रियाशीलतेवर कशी अवलंबून असते हे ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट या शास्त्रज्ञाने १९५३ साली स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूवर काळजीपूर्वक प्रयोग करून मांडले आणि तेव्हापासून अन्नशास्त्रात 'पाणी किती' याच्या बरोबरीने 'पाणी किती मोकळे' हे विचारले जाऊ लागले.

अन्न नासविणारे बहुतेक जीवाणू जलक्रियाशीलता ०.९१ च्या खाली गेली की थांबतात. स्टॅफिलोकॉकस मोठा चिवट, तो ०.८६ पर्यंत वाढतो. अनेक निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर त्याचा मुक्काम असतो आणि तो अन्नात वाढला तर विष तयार करतो. ते विष पुन्हा तापविल्यानेही सहजासहजी नाहीसे होत नाही. कुलकुल वळायला बसण्यापूर्वी आजी मुलांना साबणाने हात धुवायला लावी आणि नाकात बोट घालणाऱ्या धाकट्याला दर वेळी पुन्हा उठवी, त्यात नुसती शिस्त नव्हती. बहुतेक बुरशा ०.८० च्या आसपास थांबतात. काही थोड्या त्याच्याही खाली रेटतात, पण सुमारे ०.६० च्या खाली कोणाचीही डाळ शिजत नाही.

या आकड्यांची पट्टी हाती घेऊन आपण आजीचे वेळापत्रक पाहू. ते तिला तिच्या सासूने शिकविले होते आणि कोठेही लिहिलेले नव्हते.

सर्वांत आधी, नोव्हेंबरातच, केकसाठी मनुका, खजूर, संत्र्याची साल वगैरे सुका मेवा रममध्ये भिजत पडतो. सुक्या मेव्यात साखर भरपूर, त्यात मद्यार्काची भर. जीवाणूंना तेथे थारा नाही. केक भाजताना मद्यार्काचा बराचसा भाग उडून जातो आणि राखणीचे काम मुख्यतः साखरेवर येऊन पडते. मग पेराद होते. पेरूत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. साखर व पेरूतील आंबटपणा यांच्या सान्निध्यात पेक्टिनचे लांब रेणू एकमेकांत गुंतून जाळे विणतात, त्यामुळे वडी पडते. वडीत पाणी असतेच, पण साखरेने ते पक्के धरून ठेवलेले असते. त्यानंतर दोदोल.

दोदोलाचे काम पाहण्यासारखे असते. मोठ्या तांब्याच्या कढईत नारळाचे दूध, गूळ व तांदळाचे पीठ घालून मोठ्या उलथण्याने ते तासन् तास ढवळतात. मुले आळीपाळीने ढवळायला मागतात आणि पाच मिनिटांत हात दुखला म्हणून पळतात! सुमारे ७० अंशांच्या आसपास पिठातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि मिश्रण दाट होते. येथेच थांबले तर ते खीर ठरेल आणि दुसऱ्या दिवशी आंबेल. पण आजी थांबत नाही. पाणी उडत राहते, गूळ उरलेल्या पाण्याला अधिकाधिक घट्ट धरतो, आणि एका क्षणी कडेने तेल सुटू लागते. नारळाचे दूध म्हणजे पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब पसरलेले पायस. थेंबांना वेगळे ठेवणारे पाणीच उरले नाही की थेंब एकमेकांत मिसळतात आणि तेल बाहेर येते. तेल सुटणे ही जलक्रियाशीलता पुरेशी उतरल्याची खूण आहे. आजीला ती संज्ञा ठाऊक नव्हती. "तेल दिसेपर्यंत हात काढायचा नाही," एवढेच ती सांगे. एखाद्या वर्षी घाईने आधीच उतरविलेल्या दोदोलावर आठवड्यात पांढरी बुरशी दिसते, हे तिने पाहिलेले होते.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात कुलकुल आणि नेवऱ्या. कुलकुलाच्या आकाराकडे नीट पाहा. तेवढ्याच पिठाची नुसती गोळी तळली असती तर बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहिली असती. पदार्थाची जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. काट्यावर दाबून पातळ पापडी करायची आणि ती पोकळ गुंडाळायची, म्हणजे तेल आतून-बाहेरून भिडते आणि पाणी लवकर निघून जाते. काट्याच्या रेघांनी पृष्ठभाग वाढतो, आणि वरून पाक द्यायचा असेल तर तो रेघांत धरून राहतो. मुलांना वाटते रेघा शोभेसाठी. शोभा आहेच!

तेल १७०-१८० अंशांना असते. त्यात कुलकुल पडला की बुडबुडे उसळतात. पुष्कळांना वाटते की तेल उकळते आहे. वस्तुतः ती पिठातल्या पाण्याची वाफ असते. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते. बुडबुडे मंदावले म्हणजे पाणी संपत आले, आता काढायला हरकत नाही. याच कारणाने ओल्या हाताचा एक थेंबदेखील कढईत पडता कामा नये. तो तेलापेक्षा जड असल्यामुळे खाली बुडतो, तेथे एकदम वाफ होते आणि ती गरम तेल उडवीत बाहेर येते. आजीने जमिनीवर खडूने एक रेघ ओढली होती. तळण सुरू असताना तिन्ही मुलांनी तिच्या अलीकडेच बसायचे. धाकट्याने ती रेघ दोनदा पायाने पुसली आणि आजीने दोन्ही वेळा गॅस बंद करून ती पुन्हा ओढली.

नेवरीत दोदोल-कुलकुलाचाच खेळ एका कवचात चालतो. बाहेर तळलेली कोरडी पारी, आत खोबऱ्याचे सारण. सारण ओलसर राहिले तर पाणी पारीत येते व नेवरी दोन दिवसांत मऊ पडते. म्हणून नाताळच्या नेवऱ्यांसाठी खोबरे खमंग कोरडे होईपर्यंत परततात. गोव्यातील हिंदू घरांत चतुर्थीलाही नेवऱ्या होतात. तेव्हा भाद्रपदातील पाऊस असतो, हवाच इतकी दमट की उघड्या ताटातील नेवरी संध्याकाळपर्यंत नरम होते. डिसेंबरातील हवा त्या मानाने कोरडी, हा नाताळच्या फराळाला निसर्गाचा मोठाच हातभार आहे.

बेबिंका सर्वांत शेवटी, २३-२४ तारखेला. अंड्यांचे बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा आणि तूप यांचे पातळ मिश्रण थरावर थर घालून भाजतात. जुन्या पद्धतीत भांड्यावर निखारे ठेवून वरून आच देत. प्रत्येक थराचा वरचा भाग तपकिरी होतो, त्यामुळे कापल्यावर पट्टे दिसतात. हा रंग आणि खमंगपणा साखर व प्रथिने यांच्या ज्या अभिक्रियेतून येतो तिचे वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले. बेबिंका साखरेने समृद्ध असली तरी दोदोलाइतकी आटविलेली नसते. तिच्यातील पाणी अधिक मोकळे. म्हणून ती आधी करून ठेवण्यात अर्थ नाही. आणि २५ तारखेच्या जेवणातील सान्नां, म्हणजे इडलीसारखे फुगलेले तांदळाचे पोळे, ती तर त्याच दिवसाची. त्याच जेवणातले सोरपोतेल मात्र दोन-तीन दिवस आधी करतात. त्यात पाणी मोकळे आहे, पण माडाच्या विनेगराचा आंबटपणा राखण करतो आणि रोज ते नीट उकळवितात.

म्हणजे नोव्हेंबरापासून २५ डिसेंबरपर्यंतचे हे वेळापत्रक जवळजवळ जलक्रियाशीलतेच्या क्रमाने लावलेले आहे. ज्यातले पाणी पक्के बांधलेले किंवा मुळीच नाही ते आधी, ज्यातले मोकळे ते शेवटी. कुलकुल त्याला थोडा अपवाद आहेत. ते सर्वांत कोरडे असूनही उशिरा करतात, कारण तळलेल्या पदार्थाला आणखी एक शत्रू असतो. तो म्हणजे हवेतील प्राणवायू. जीवाणू नसले तरी प्राणवायूमुळे तेलाला खवट वास येऊ लागतो, आणि त्याला पाण्याची वाट पाहावी लागत नाही. खोबरेल तेलात सुमारे नव्वद टक्के स्निग्धाम्ले संपृक्त असल्यामुळे प्राणवायूचा हल्ला ते इतर पुष्कळ तेलांपेक्षा जास्त काळ सोसते. तरी डबा काठोकाठ भरावा, म्हणजे आत हवा कमी राहते.

तुम्हाला हे घरी किंवा शाळेत पडताळून पाहता येईल. रुंद तोंडाच्या चार बरण्या घ्या. पहिलीत तळाशी साधे पाणी, दुसरीत साखरेचे संपृक्त द्रावण, तिसरीत मिठाचे संपृक्त द्रावण (तळाशी थोडे न विरघळलेले मीठ दिसले पाहिजे) आणि चौथीत कढईत कोरडे भाजून थंड केलेले मूठभर तांदूळ. प्रत्येक बरणीत एका उपड्या वाटीवर एकाच पुड्यातील एकेक बिस्किट ठेवा. ते द्रावणाला लागू देऊ नका. झाकणे घट्ट लावा. प्रयोगशाळेतील तराजू मिळाला तर बिस्किटांचे वजन आधी करून ठेवा आणि रोज त्याच वेळी पुन्हा करा. आलेख काढा. मिठाच्या बरणीतील बिस्किटाचे वजन कोठपर्यंत वाढते आणि साखरेच्या बरणीतील कोठपर्यंत, हे आपापसांत ताडून पाहा. पहिल्या बरणीत काही दिवसांनी बुरशी दिसू लागेल. ती दिसताच बरणी न उघडता प्रयोग थांबवा, आणि यातले एकही बिस्किट खाऊ नका.

आता त्या डब्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. कुलकुल नीट पाहिले. बुरशीचा ठिपका नव्हता, आंबूस वास नव्हता, फक्त पाणी शिरले होते. शिरलेले पाणी काढताही येते. आम्ही आजीच्या ओव्हनमध्ये सुमारे १०० अंशांवर ते पसरून ठेवले, थोडा वेळ झाकण किंचित उघडे ठेवले म्हणजे वाफ बाहेर पडेल. साधारण पाऊण तासात ते हलके झाले. मधल्याने लगेच डबा पुढे केला. त्याला थांबविले. गरम पदार्थ डब्यात कोंडला की त्याची वाफ झाकणाला लागून थंड होते, तिचे थेंब खाली पडतात आणि जेथे पडतात तेवढ्या जागी जलक्रियाशीलता १ च्या जवळ जाते. बुरशीला तेवढी जागा पुरते. म्हणून कुलकुल सुपात पसरून पंख्याखाली पूर्ण गार केले, आणि तोवर धाकट्याने त्यातले किती खाल्ले याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दोदोलाच्या सुकलेल्या कडा आजीने सुरीने काढल्या आणि त्या मुलांच्या वाट्याला आल्या. थोरलीने चार डब्यांवर कागद चिकटविले: 'दोदोल', 'पेराद', 'कुलकुल', 'नेवऱ्या'. धाकट्याला वाचता येत नव्हते, म्हणून तिने प्रत्येकावर चित्रही काढले. २३ तारखेला वडील आले. २४ च्या संध्याकाळी, मध्यरात्रीच्या मिसेला जाण्यापूर्वी, बारा घरांची ताटे भरली गेली. आमच्या घरी ताट घेऊन मधला स्वतः आला. ताटात दोदोल एका कडेला, कुलकुल दुसऱ्या कडेला आणि मधे नेवऱ्यांची भिंत होती.

"सर," तो म्हणाला, "हे उद्यापर्यंत संपवा. ताटाला झाकण नाही."